दोनबोटणे, क्रियापद

६ सप्टेंबर, सोमवार

मुकादमाने आज मला कोशकार करून टाकलं. मुकादम म्हणजे आमच्या टीमचा मॅनेजर. दिवसभर डोक्यावर उभा असतो म्हणून मुकादम. नोव्हेंबरात कंपनीचा वाढदिवस आहे. त्या दिवशी प्रत्येकाच्या टेबलावर एक छोटं पुस्तक ठेवायचं ठरलंय: आपल्या ऑफिसात बोलल्या जाणाऱ्या शब्दांचा कोश, अर्थासकट आणि जन्मकथेसकट. नव्याने आलेल्यांना आमचं बोलणं कळत नाही, बिचारे नुसती मान डोलावत बसतात, अशी तक्रार आहे. मुकादम म्हणाला, "आत्या, हे तुझ्याशिवाय कोणाला जमणार?" मीही लगेच फुलले.

मला इथे आत्या म्हणतात. बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि इथले निम्मे शब्द मी पाडलेले. कोणाचा प्रोग्रॅम फसला की सगळे माझ्याकडे बघतात, आता ही काय म्हणते म्हणून. मी काहीतरी म्हणते, चार जण हसतात, आणि आठवड्याभरात तो शब्द कॅन्टीनमध्ये फिरायला लागतो. मला याचा गर्व आहे, हे इथे लिहायला हरकत नाही. कोशात जे छापता येणार नाही त्यासाठीच ही दैनंदिनी काढली आहे.

प्रस्तावनेचं पहिलं वाक्य घरी येतानाच सुचलं: "शब्द हुकमाने होत नाही, चारचौघांनी उचलला तर होतो." नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, छान आहे, आता जेवायला वाढ, आज तुझी पाळी आहे.

८ सप्टेंबर

एका बैठकीत बरेच शब्द लिहून झाले.

सासर: ग्राहकाचं ऑफिस. तिथे इस्त्रीचे कपडे घालून जायचं, कमी बोलायचं आणि चहा कसाही असला तरी छान म्हणायचं.

भातुकली: प्रोग्रॅम चालवून बघायची खोटी जागा. खोटे पेशंट, खोट्या तारखा. काही सांडलं तरी कोणी रागवत नाही.

गॅस: खरी, चालू यंत्रणा. आमची यंत्रणा डोळ्यांच्या एका मोठ्या इस्पितळात चालते. पेशंटची नोंदणी, तपासणी, ऑपरेशनची तारीख, सगळं तिच्यावर. गॅसवर हात घालायचा तर मुकादमाची परवानगी लागते.

झाडू: प्रोग्रॅमही माझा, नावही माझं. इस्पितळातल्या बायका नव्या माणसाला काम शिकवताना गॅसवरच खोटे पेशंट भरतात आणि काढायचं विसरतात. झाडू तीन महिन्यांतून एकदा, पहिल्या तारखेला पहाटे आपोआप फिरतो आणि तो कचरा काढतो. खोटा पेशंट लांबूनच ओळखू येतो. फोन नंबर नाही आणि जन्मतारीख म्हणजे पहिली जानेवारी, कारण यंत्र तारखेशिवाय पुढे जाऊ देत नाही आणि बायकांना घाई असते. मेमध्ये लिहिला, तेव्हापासून एक तक्रार नाही. तो आहे हेही आता कोणाच्या लक्षात नसेल.

'बग' हा शब्द आमचा नाही, पण घ्यायलाच हवा. सगळ्यांना ठाऊक असलेली कथा अशी, की फार पूर्वी एका खोलीएवढ्या यंत्रात पतंग अडकला, तो काढून कागदावर चिकटवला, आणि तिथून प्रोग्रॅममधल्या चुकीला बग म्हणायला लागले. आज वाचलं तर शब्द त्या पतंगाच्या कितीतरी आधीचा. यंत्रं दुरुस्त करणारे लोक तो आधीपासून वापरत होते, म्हणूनच तर पतंग सापडल्यावर त्यांना हसू आलं. पण पतंगाची गोष्ट इतकी छान आहे की खरं काय ते कोणी विचारत नाही. मीही कोशात पतंगच ठेवणार.

१३ सप्टेंबर

अर्धी रजा. सासूबाईंना घेऊन आमच्याच सासरी, म्हणजे त्या इस्पितळात गेले. मोतीबिंदू पिकलाय. पत्ते खेळताना किल्वर आणि इस्पिक ओळखू येत नाही, म्हणून हरते, असं त्यांचं म्हणणं.

काउंटरवरच्या बाईंनी जन्मतारीख विचारली.

"लिहा पहिली जानेवारी."

"खरी सांगा हो, आजी."

"खरी माझ्या आईला ठाऊक होती, ती गेली. शाळेत नाव घालताना गुरुजींनी पहिली जानेवारी लिहून टाकली. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली एकाच दिवशी जन्मल्यात बघा!"

बाई हसल्या, मीही हसले. फोन नंबर विचारला तर सासूबाई म्हणाल्या, "मला कशाला फोन? ही आहे की." तेवढ्यात माझा फोन वाजला, मुकादमाचा. मी हातानेच बाईंना खूण केली, नंतर देते, आणि बोलत बोलत बाहेर गेले. ऑपरेशनची तारीख मिळाली, १ ऑक्टोबर.

यंत्रणा फार सुरेख चालते हो, असं बाई म्हणाल्या. मी मुद्दामच सांगितलं नाही की ती आम्ही केलीय. मनातल्या मनात मिरवलं.

१६ सप्टेंबर

आज 'द' आला.

दोनबोटणे, क्रियापद: भातुकलीत करायचं ते गॅसवर करून बसणे, न बघता भलतंच पुसून टाकणे. उदा. "हळू रे, दोनबोटशील."

अर्थ लिहून झाला. जन्मकथा लिहायला हात होईना, म्हणून ती इथे लिहिते.

दोनबोटे आणि मी एकाच आठवड्यात इथे लागलो. की-बोर्डवर त्याची दोनच बोटं चालायची, म्हणून दोनबोटे. तेही नाव माझंच. त्याला आवडायचं, खऱ्या आडनावापेक्षा भारदस्त आहे म्हणायचा. टाइप हळू करायचा, पण खात्रीने. शेवटची कळ दाबायच्या आधी उजवं बोट हवेत उंच न्यायचा आणि शिक्का मारल्यासारखं खाली आणायचा. बरोबर आहे का, असं कोणाला विचारायचा नाही. बरोबरच असायचं.

एक जुलैला सकाळी इस्पितळातून फोन आला: ऑपरेशनच्या यादीतले बरेच पेशंट गायब. म्हातारी माणसं उपाशीपोटी येऊन बसलीत आणि यंत्रणा म्हणते, हे कोण? आदल्या संध्याकाळी दोनबोटे गॅसवर गेला होता, एका पेशंटची दुबार झालेली नोंद काढायला. आम्ही शोधलं ते एवढंच, की गॅसवर कोणकोण माणूस गेलं होतं. तो एकटाच निघाला. तो म्हणाला, "मी एकच नोंद काढली." मुकादमाने विचारलं, "नक्की?" तो आपल्या बोटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लागलं असेल बोट."

खोलीत भयंकर शांतता पसरली, आणि मला शांतता सोसत नाही. मी म्हटलं, "म्हणजे तू दोनबोटलास!" सगळे खो खो हसले. तोही हसला. मला नक्की आठवतंय, तोही हसला होता.

जपून ठेवलेल्या प्रतीवरून नावं परत आणली आणि प्रकरण मिटलं. शब्द मात्र राहिला. चहा सांडला, दोनबोटलं. मोबाइल पडला, दोनबोटला. सासरच्या लोकांनीही उचलला. मुकादमाने त्याची गॅसची परवानगी काढून घेतली, दुसऱ्यांचं काम तपासायला बसवलं, आणि ऑगस्टमध्ये त्याने राजीनामा दिला. निरोपाच्या केकवर दोन बोटं काढली होती. कल्पना माझी. केक कापताना मी त्याचा फोटो काढला, तो आता बघवत नाही.

२१ सप्टेंबर

दोनबोटेचा फोन.

"आत्या, गंमत ऐक. एका कंपनीत मुलाखतीला गेलो होतो. मुलाखत घेणारा म्हणतो, आमच्याकडे दोनबोटलेलं चालत नाही बरं का! मी म्हटलं, म्हणजे काय? तर मलाच समजावून सांगत बसला. उदाहरणं देऊन."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? म्हटलं, वा, चांगला शब्द आहे."

तो हसला, मीही हसले. पुढची, शेवटची मुलाखत ५ ऑक्टोबरला आहे. काम मनासारखं आहे म्हणाला, गॅसवरचं. बायकोही खूश आहे, कारण तो दिवसभर घरात असला की तिच्या स्वयंपाकघराची मांडणी बदलतो. फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत कामाला बसले.

एक शब्द किती लांब जातो याचं एरवी मला कौतुक वाटलं असतं. आज तो माणसाच्या आधी जाऊन दारात उभा राहिला होता.

२३ सप्टेंबर

मुकादमाला म्हटलं, कोशातून दोनबोटणे काढूया.

"वेडी आहेस का? तो तर मुखपृष्ठावर घ्यायचाय."

"त्याला वाईट वाटेल रे."

"त्याला? अगं, सगळ्यांत जास्त तोच हसत होता. आणि चूक त्याची, शब्द तुझा. दोघांनी मिळून कंपनीला काहीतरी दिलंत."

मुखपृष्ठाचं चित्र त्याने दाखवलं. की-बोर्डवर दोन बोटं, खाली बारीक अक्षरांत कोशकार म्हणून माझं नाव. मी आणखी वाद घालायला हवा होता. चित्र छान दिसत होतं, म्हणून घातला नाही.

१ ऑक्टोबर, शुक्रवार

काय काय लिहू.

सकाळी सासूबाईंना घेऊन इस्पितळात गेले. काउंटरवरच्या बाईंनी नाव घातलं, पुन्हा घातलं, आणि म्हणाल्या, या नावाच्या पेशंट आमच्याकडे नाहीतच. माझा पारा चढला. मी म्हटलं, "कोणीतरी दोनबोटलेलं दिसतंय!"

"तेच असणार," बाई म्हणाल्या. "सकाळपासून असे बरेच निघालेत. बसा जरा."

बोलून गेले आणि मग आठवलं. दोनबोटे ऑगस्टपासून आमच्याकडे नाही.

भिंतीलगत खुर्च्यांवर सगळी म्हातारी माणसं बसली होती, मांडीवर पिशव्या घेऊन. सासूबाई त्यांच्यात जाऊन बसल्या. मी शेजारी बसल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "माझ्यामुळे तर नाही ना गं झालं?"

"तुमच्यामुळे कसं होईल, आई?"

"तारीख खोटी सांगितली ना मी. कळलं असेल त्यांना. खोटी माणसं काढून टाकत असतील."

"काहीतरीच काय," मी म्हटलं.

खोटी माणसं काढून टाकणारं एकच काहीतरी आहे आणि ते मी लिहिलंय. आज पहिली तारीख. ते जुलैचं झालं तेव्हाही पहिलीच तारीख होती. मी पलीकडच्या आजोबांना जन्मतारीख विचारली. "लिहिलेली पहिली जानेवारी आहे," ते म्हणाले, "खरी उन्हाळ्यातली कुठलीतरी." फोन आहे का? मुलाकडे आहे. त्यांच्या शेजारच्या बाई आमच्याकडेच बघत होत्या. त्यांना विचारायचं धाडस मला झालं नाही.

ऑफिसात जाऊन दुपारच्या आत सगळी नावं परत आणली. झाडू बंद केला. सासूबाईंना १८ ऑक्टोबर मिळाली. मुकादमाला म्हटलं, यंत्रणेतच काहीतरी दिसतंय, मी बघते. तो हसत म्हणाला, "म्हणजे दोनबोटे गेला तरी दोनबोटणं चालूच!"

मी पिशवी उचलून घरी आले.

२ ऑक्टोबर

ऑफिसला सुट्टी, पण घरून भातुकलीत जाऊन बघितलं. खोटे म्हातारे भरले, पहिली जानेवारी, फोन नाही. झाडू चालवला. एका क्षणात सगळे गेले. शंकेला जागा नाही. दोनबोटेने एकच नोंद काढली होती आणि तो तेव्हाच तसं म्हणाला होता.

दुपारी त्याचाच मेसेज आला. "मंगळवारी शेवटची लढाई. कोशात मला जागा ठेव!"

मी अंगठा पाठवला.

४ ऑक्टोबर

आज सांगायचं ठरवून गेले होते. मुकादमाच्या केबिनपर्यंत जाऊन परत आले. एकदा तो फोनवर होता, एकदा नव्हता. नव्हता तेव्हा मी स्टेपलर मागून आणला.

नोकरी जाईल अशी भीती नाही. असल्या चुका सगळ्यांच्या होतात, पहिल्या दिवशी मान्य केली तर कोणी काही म्हणत नाही. भीती वेगळीच आहे आणि ती लिहायला लाज वाटते. शब्द कसा होतो हे माझ्याइतकं इथे कोणाला माहीत नाही. खोली शांत होते, कोणीतरी काहीतरी म्हणतं, बाकीचे हसतात, झालं. मी उभी राहून सांगितलं की मागून कोणीतरी म्हणणार, "आत्यानं झाडलं!" आणि मग चहा सांडला की आत्यानं झाडलं, मोबाइल पडला की आत्यानं झाडलं. ते मला सहन होणार नाही. त्याला झालं असेल असं मी बिनदिक्कत धरून चालले होते.

नवऱ्याने विचारलं, काय बिनसलंय? त्याला सगळं सांगितलं.

"दोनबोटेला सांगितलंस?"

"उद्या मुलाखत आहे त्याची. आदल्या दिवशी कशाला त्याचं डोकं फिरवायचं? बुधवारी सांगेन."

"त्याच्यासाठी थांबलीस की स्वतःसाठी?"

मी चिडले, आणि भांडी आपटत आवरली. पण आदल्या दिवशी सांगणं बरोबर नाही, हे मला अजून पटतंय.

५ ऑक्टोबर

सकाळी उठल्यापासून ते पटेना. फोन लावला, रिंग गेली आणि मीच कापला. लगेच त्याचा आला.

"आत शिरतोय गं. शुभेच्छा द्यायला केला होतास ना?"

"हो," मी म्हटलं.

६ ऑक्टोबर

त्याच्या घरी गेले होते. दार त्याच्या बायकोने उघडलं. ती कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करत होती आणि तो ओट्यापाशी ताटं पुसत तिला मजकूर सांगत होता. मला बघून खूश झाला.

"काम नाही झालं, आत्या. अगं, सगळं मस्त चाललं होतं. शेवटी विचारलं, तुमच्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक कोणती? मी जुलैचं सांगितलं. लपवायचं कशाला? म्हटलं, तो शब्द तुम्ही वापरता ना, तो माझ्यावरूनच आलाय. एकेकाचे चेहरे बघायला हवे होतेस! मग म्हणाले, कळवतो. संध्याकाळी कळवलं."

बसायला सांगितलं तरी मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं: झाडू, पहिली जानेवारी, सासूबाई. तो ऐकताना एकच ताट पुसत राहिला.

"म्हणजे मी एकच नोंद काढली होती."

"एकच."

"मी म्हणालो होतो तसं."

"हो."

त्याच्या बायकोने हात की-बोर्डवरून काढून मांडीवर ठेवले.

"तुला कधी कळलं?" त्याने विचारलं.

काल, असं म्हणता आलं असतं. ते ओठांवर आलंही होतं.

"शुक्रवारी."

"शुक्रवारी," तो म्हणाला. "मग काल सकाळचा फोन?"

मी नुसती मान हलवली. त्याने ताट ठेवलं. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं.

"आत्या, मी हल्ली दाराला कुलूप लावतो आणि अर्ध्या रस्त्यातून परत येऊन बघतो. मेल हिच्याकडून लिहून घेतो. हिला वाटतं मी आळशी झालोय. जुलैपासून मला या बोटांची भीती वाटते गं. माझ्याच." त्याने दोन्ही तर्जन्या माझ्यापुढे धरल्या, लहान मूल धुतलेले हात दाखवतं तशा. "काल तिथं बसून मी न केलेली चूक कबूल करून आलो. तू फोन कापलास."

मी माफ कर म्हटलं. तो म्हणाला, "आता तू जा." त्याच्या बायकोने दार उघडून धरलं आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

७ ऑक्टोबर

सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. खोली शांत झाली. मी वाट बघत होते, मागून कोणीतरी म्हणेल म्हणून. कोणीही काही म्हणालं नाही. हसलंही नाही कोणी. जुलैत मीही अशीच गप्प बसले असते तर, असं सारखं मनात येत राहिलं.

मुकादमाने लॅपटॉप मिटला. "परवानगी मी काढून घेतली होती त्याची," एवढंच म्हणाला आणि फोन घेऊन बाहेर गेला.

दुपारी पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, "अरे, थांब थांब, दोनबोटशील!" आणि मग जीभ चावल्यासारखी शांतता. मी उठून त्यांना म्हटलं, आजपासून याला आत्याई म्हणायचं. आत्याई केली, आत्याई झाली. सगळे हो हो म्हणाले. भिंतीवरच्या फळ्यावरही मी तो मोठ्या अक्षरांत लिहिला.

१२ ऑक्टोबर

आत्याई कोणी म्हणत नाही. फळ्यावरून तो शब्द कोणीतरी पुसला, तोही मुद्दाम नव्हे, जागा हवी होती म्हणून. दोनबोटणे चालू आहे. माझ्यासमोर टाळतात, कॅन्टीनमध्ये ऐकू येतो. प्रस्तावनेचं पहिलं वाक्य मी स्वतःच लिहिलं होतं: शब्द हुकमाने होत नाही.

मुकादमाने त्या दुसऱ्या कंपनीला फोन करून खरं काय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वाईट वाटलं म्हणाले. जागा भरली गेलीय. मग त्याने दोनबोटेला परत ये म्हटलं, पहिल्याच जागी, गॅसच्या परवानगीसकट. विचार करतो, म्हणालाय.

मी त्याला फोन केलेला नाही. कुठल्या तोंडाने करू?

१९ ऑक्टोबर

काल सासूबाईंचं ऑपरेशन झालं, आज पट्टी काढली. काउंटरवर या वेळी मी फोन नंबर दोनदा वाचून घेतला. घरी आल्यावर सासूबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, किती काळवंडलीस! आणि आपल्या भिंतीला एवढे डाग कधी पडले?"

संध्याकाळी त्यांना सांगितलं की त्या दिवशी नाव गेलं ते त्यांच्या तारखेमुळे नाही, माझ्या प्रोग्रॅममुळे.

"खरं?"

"खरं, आई."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावायला गेल्या, तो मी अडवला. "मला वाटत होतं माझंच काहीतरी. म्हटलं, माझ्यापायी त्या बाकीच्यांनाही परत जावं लागलं."

इतके दिवस त्या हे मनात घेऊन माझ्यासमोर जेवत होत्या आणि मला सांगावंसं वाटलं नाही. मला माझीच काळजी होती.

२५ ऑक्टोबर, सोमवार

दोनबोटे आला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तो अवघडला. मुखपृष्ठावरचं चित्र मुकादमाने काढून टाकलंय. 'द'खालची जन्मकथा मी लिहून ठेवली होती, ती त्याच्यापुढे ठेवली. "ज्याच्यावरून हा शब्द आला त्याने ही चूक केलेली नव्हती. चूक कोशकाराची होती." त्याने वाचलं आणि कागद परत दिला. "राहू दे," म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला की कागदाकडे, ते कळलं नाही.

झाडू अजून बंदच होता. जानेवारीच्या आत तो सुधारायला हवा. मुकादम म्हणाला, "दोनबोटे, तूच कर, गॅसवर." मी माझ्या खुर्चीतून उठले आणि तो बसला. खोटा पेशंट ओळखायची माझी ती एक ओळ त्याने काढली आणि नवी लिहायला घेतली, एकेक अक्षर, दोन बोटांनी. सगळे आपापल्या कामात असल्यासारखं दाखवत होते, पण बाकी कोणाच्या की-बोर्डचा आवाज येत नव्हता.

लिहून झालं. त्याचं उजवं बोट हवेत वर गेलं. मी इतक्या वर्षांत ते किती वेळा बघितलंय. बोट वरच राहिलं. मग त्याने ते हळूहळू खाली आणून मांडीवर ठेवलं.

"आत्या, बघ गं, बरोबर आहे का?"

मी वाकून अक्षर न् अक्षर वाचलं.

"बरोबर आहे."

"नक्की?"

"नक्की."

"पुन्हा एकदा बघ ना."

मी पुन्हा वाचलं, पहिल्यापासून. बरोबर आहे म्हटलं. तेव्हा त्याने कळ दाबली, अगदी हलक्या हाताने, आवाजही झाला नाही.